आडनाव सांगा, मग खोली बघू

लातूर जिल्ह्यातल्या चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ, घरणी, जानवळ या गावांतली पोरं मुंबईला जातात. कुणी भावाच्या ओळखीवर जातं, कुणी सिक्युरिटीत लागतं, कुणी गोदामात, कुणी दवाखान्यात नर्स म्हणून. गावाकडे त्यांच्याबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : "रूम कुठं केली?" उत्तरंही ठरलेली आहेत. दिवा, टिटवाळा, बदलापूर, नालासोपारा. त्याला जोडून एक वाक्य येतं, "टेशनाजवळ हाय, स्वस्तात मिळाली." एवढं ऐकलं की आई-बापाचा जीव भांड्यात पडतो. माझा पडत नाही.

स्वस्तात मिळाली म्हणजे काय झालं? दादरला, कुर्ल्याला, मुलुंडला, ठाण्याला जे मिळालं नाही ते तिथं मिळालं. का मिळालं नाही, याचं उत्तर आपण 'पैसे कमी पडले' एवढ्यावर मिटवतो. ते अर्धं उत्तर आहे, आणि ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. पैशाचा मामला म्हटला की दोष कुणाच्याच अंगाला चिकटत नाही. माझं म्हणणं असं की आमच्या पोरांनी ते घर निवडलेलंच नसतं. एकामागून एक दारं त्यांच्या तोंडावर लावली गेली आणि जे उघडं राहिलं त्यात ती शिरली. ती दारं कुणी लावली ते सांगण्यासाठी मी लिहितो आहे. लावणाऱ्या हातांत सरकारचे हात आहेत, बिल्डरचे आहेत, आणि तुमचे-माझेही आहेत.

कामाच्या जागेजवळ, रेल्वेच्या हाकेच्या अंतरावर गरिबाला घर मिळणं ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं कोंदट खोल्यांत मेली, तेव्हा परक्या राजवटीलाही १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढावा लागला. त्या ट्रस्टच्या परळच्या चाळीत, लहानशा खोलीत, बाबासाहेब आंबेडकरांनी संसार केला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. दोनशे सात इमारती, एकशे साठ चौरस फुटांची एकेक खोली. त्या खोल्या फार चांगल्या होत्या असं कुणी म्हणणार नाही. सामायिक संडास, अंधारे जिने, एका खोलीत दहा-दहा माणसं. पण त्या शहराच्या पोटात होत्या. भोंगा वाजला की माणूस पायी गिरणीत जायचा आणि पाळी संपली की पायी घरी यायचा. त्याचं आयुष्य डब्याच्या दारात लोंबकळत जात नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि परळ, लालबाग, लोअर परळ भागात, मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेमार्गांच्या मधोमध, सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याची वेळ आली. कष्टकऱ्यांच्या घरांसाठी याहून चांगली जागा अख्ख्या मुंबईत नव्हती. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि तिसरा हिस्सा सरकारी घरांसाठी ठरला होता. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्याची करायची असं ठरलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. एका ओळीचा बदल. त्या ओळीने स्टेशनालगतची जमीन मॉल आणि मनोऱ्यांकडे गेली. आमची पोरं कल्याणपलीकडे ढकलली गेली, ती अशा ओळींनी. २००७ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदाही महाराष्ट्राने रद्द केला. घरं स्वस्त होतील असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. कुणाला कुठे स्वस्त झाली ते मुंबईकरांनी सांगावं.

हे सरकारचं झालं. सरकारला शिव्या घालणं सोपं असतं, त्यामुळे मी तिथे थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका मुलीबरोबर मी ठाण्याच्या पुढच्या एका स्टेशनवर खोली बघायला गेलो होतो. ती नर्स. नोकरी नवी, पगार बेताचा, रात्रपाळी असायची, म्हणून स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा हवी होती. एजंटाचं दुकान म्हणजे एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि काचेवर रंगवलेलं '१ आरके, १ बीएचके, हेवी डिपॉझिट'. माणूस बोलायला गोड होता. त्याने आम्हाला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दाखवली. स्वच्छ, उजेडाची, स्वयंपाकाच्या ओट्यावर खिडकी. मुलीने नळ सोडून पाहिला, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, आणि मोरीची जागा बघून "काका, आईला पण आणता येईल," असं म्हणाली. दुकानात परत आल्यावर त्याने वही काढली. नाव विचारलं, तिने सांगितलं. "पूर्ण नाव?" वडिलांचं नाव सांगितलं. "आडनाव, मॅडम?" तिने सांगितलं. त्या आडनावावरून त्याला अंदाज येईना. मग गाव विचारलं. "चाकूर? म्हणजे लातूरकडचे. तुमच्यात जयंती कोणती करतात?"

जात विचारायची ही आजची रीत आहे. थेट विचारलं तर अंगाशी येईल म्हणून जयंती विचारायची, देव्हाऱ्यात काय आहे ते विचारायचं, मटण किती वेळा होतं ते विचारायचं. मुलीने मान खाली न घालता चौदा एप्रिल सांगितलं. एजंटाने बाहेर जाऊन मालकाला फोन लावला. परत आला तो म्हणाला, "मालकांना फॅमिलीलाच द्यायचीय." मालक मराठी होता. दुकानाच्या शेल्फावर शिवाजी महाराजांची मूर्ती होती.

त्याच संध्याकाळी त्याने दुसरी खोली दाखवली. रुळांच्या पलीकडे, नाल्याच्या कडेला, चार मजल्यांची नवी कोरी इमारत. जिन्याला कठडा नव्हता, भिंतीचा गिलावा ओला होता. तिथे तिला कुणी काही विचारलं नाही. जयंती विचारली नाही, रात्रपाळीबद्दल बोललं नाही. डिपॉझिट रोख द्या आणि उद्या राहायला या. मी इमारतीच्या परवानगीचे कागद मागितले, तेव्हा एजंट हसला. त्या दिवशी मला सगळा हिशोब कळला. जिथे कागद होते तिथे आडनाव विचारलं गेलं, आणि जिथे आडनाव विचारलं नाही तिथे कागद नव्हते. 'स्वस्त' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्या घराची किंमत अशी ठरते.

यात नवीन काही नाही. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना त्या अख्ख्या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत परक्या नावाने ते राहिले. खरी ओळख कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळी कारणं सांगून वाट दाखवली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, स्टेशनपासून पायी जाता येईल अशा ठिकाणी, 'राजगृह' बांधलं आणि त्यात पुस्तकांना माणसांएवढीच जागा दिली. राजगृहासमोर आज हजारो लोक हात जोडतात. त्यांतल्या किती जणांना आज त्याच भागात भाड्याने खोली मिळेल?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला, ती मराठी आहे म्हणून, जागा नाकारली गेली. तिने त्याचं चित्रण केलं आणि सगळा महाराष्ट्र पेटून उठला. पेटायलाच हवं होतं. पण त्या आठवड्यात जे जे संतापले त्यांतल्या घरमालकांना माझा प्रश्न आहे. तुमच्या रिकाम्या खोलीसाठी एक शेख आला, एक कांबळे आला, एकटी राहणारी घटस्फोटित बाई आली, तेव्हा तुम्ही काय सांगितलं? "आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीचे लोक ऐकत नाहीत." ही सोसायटी कोण असते? तुम्हीच तिचे सभासद, तुम्हीच सेक्रेटरी. आपला अपमान झाला की तो महाराष्ट्राचा अपमान, आणि आपण केला की तो सोसायटीचा नियम, हा दुटप्पीपणा आपण कधी सोडणार?

अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याची पद्धतशीर तपासणी केली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नोकरी तीच, ऐपत तीच, फक्त नाव बदलून घरं मागितली गेली. दलित नावाला नकार वाढला, मुसलमान नावाला त्याहून वाढला. राज्यघटनेने कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात दिला आहे. पण तो हक्क सरकारविरुद्ध चालतो, घरमालकाच्या फोनविरुद्ध चालत नाही. २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. कायद्याच्या दृष्टीने तो संस्था स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असेल. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते स्वातंत्र्य कसं दिसतं, हे बडोद्याच्या बागेत बसलेल्या तरुणाला विचारावं लागेल.

आता जरा गावाकडे या. मुंबईवर बोट ठेवून आपण सुटत नाही. दर जूनमध्ये मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून पोरं लातूरला अकरावी-बारावी आणि नीटसाठी येतात. लातूरच्या ट्यूशन एरियाभोवतीच्या गल्ल्यांत घराघरांवर मजले चढले आहेत, खोल्यांना भाडी आली आहेत. त्या गल्ल्यांत फिरा आणि सोळा वर्षांच्या पोराला काय विचारलं जातं ते ऐका. "कोणाचे तुम्ही?" पोराचा बाप ऊसतोड करून, नाहीतर दोन एकर कोरडवाहू पिकवून फी भरतो, आणि खोलीच्या दारात उभा राहून आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाला स्वतःची जात समजावून सांगतो. विचारणारा कोण असतो? पुष्कळदा बसवेश्वरांची जयंती वाजतगाजत काढणारा. आमच्यापासून फार दूर नसलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात ब्राह्मण, चांभार, न्हावी, धोबी एका मंडपात बसले. ब्राह्मण घरातली मुलगी आणि चांभाराच्या घरातला मुलगा यांच्या लग्नाला बसवेश्वरांच्या अनुयायांनी, शरणांनी, आशीर्वाद दिला आणि त्यापायी प्राण गमावले. त्या शरणांचे वारस म्हणवणाऱ्याने भाडेकरूची जात विचारावी! हे मी कुणा एका समाजाबद्दल बोलत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत नाचणारेही विचारतात. आंबेडकर जयंतीची वर्गणी मागणारेसुद्धा, स्वतःच्या वस्तीत मांगाला किंवा भटक्या जमातीच्या माणसाला खोली द्यायची वेळ आली की विचारतात. हे लिहायला मला जड जातं, पण ते खरं आहे.

आणि मराठवाड्याने तर यापुढची पायरीही पाहिली आहे. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आमच्या या भागात दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात माणसं मारली गेली. कितीतरी कुटुंबांनी तेव्हा गाव सोडलं ते कायमचं. बाबासाहेबांनी गावाला अज्ञानाचा आणि जातीच्या अहंकाराचा कोंडवाडा मानलं होतं आणि शहराकडे मोकळ्या हवेच्या आशेने पाहिलं होतं. त्या आशेवर निघालेल्यांची नातवंडं आज एजंटाच्या टेबलासमोर बसून जयंती सांगत आहेत.

आता त्या कागद नसलेल्या इमारतींकडे वळतो, कारण तिथे फसणाऱ्याला आपण वर मूर्ख ठरवतो.

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाऊंडमधली सात मजल्यांची इमारत कोसळली. चौऱ्याहत्तर माणसं मेली. ती इमारत काही महिन्यांत उभी केली होती, आणि बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबं आणून ठेवली होती. कारण राहती इमारत पाडायला महापालिका कचरते. माणसांना ढाल म्हणून वापरलं. त्या कुटुंबांना वाटलं होतं की स्वस्तात सोय झाली. बिल्डरबरोबर महापालिकेतले अधिकारी, पोलीस आणि नगरसेवकही पकडले गेले, म्हणजे ही काही एका लबाड माणसाची करामत नव्हती. नालासोपाऱ्यात सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर एकेचाळीस इमारती उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं माणसांनी भरलेल्या राहिल्या आणि २०२५ च्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग पडून सतरा जण गेले. एका लेकराचा पहिला वाढदिवस चालू होता.

सगळ्यांत भयंकर मला कल्याण-डोंबिवलीचं प्रकरण वाटतं. तिथल्या पासष्ट इमारतींना महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद तयार केले गेले. त्या कागदांवर महारेरा या गृहप्रकल्प नियामकाचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. त्या क्रमांकांवर बँकांनी कर्जं दिली, निबंधक कार्यालयात दस्त झाले, मुद्रांक शुल्क सरकारजमा झालं. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडायला सांगितल्या. घर घेणाऱ्याने रेराचा नंबर बघावा, बँकेचं कर्ज मिळतं का ते बघावं, असा शहाणपणाचा सल्ला आपण देत आलो. त्या लोकांनी हे सगळं बघितलं होतं. प्रत्येक टेबलावर शिक्का मारणारा शिकलेला माणूस होता. इंजिनिअर, वकील, बँक अधिकारी, कारकून. त्यांतल्या एकानेही महापालिकेच्या मूळ दप्तराशी कागद ताडून पाहिला असता तर ही फसवणूक तिथेच थांबली असती. ज्या शिक्षणासाठी आपण पोरांना उपाशी ठेवून ट्यूशनला पाठवतो ते शिक्षण घेऊन माणूस जर अशाच शिक्क्याला उपयोगी पडणार असेल, तर त्या शिक्षणाचं काय करायचं?

आणि घाई कशाची असते ते विचारा. तीस वर्षांचा पोरगा बिनकागदाच्या इमारतीत आयुष्यभराचं कर्ज का घेतो? लग्नासाठी. आमच्याकडे आज स्थळ आलं की पहिला प्रश्न "शेती किती?" हा नसतो. "शहरात स्वतःचा फ्लॅट आहे का?" हा असतो. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही म्हणून बाप वावर विकतो, त्या पैशातून बुकिंग करतो आणि बायोडाट्यात 'स्वतःचा फ्लॅट, बदलापूर' अशी ओळ घालतो. मुलीचे वडील घर बघायला जातात तेव्हा फरशी बघतात, मॉड्युलर किचन बघतात. इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र मागणारा सासरा मला अजून भेटलेला नाही. आपणच ही ओळ लग्नाची अट करून ठेवली आणि आपणच त्या पोराला बिल्डरच्या तावडीत दिलं. हुंडा घेत नाही असं सांगणारी घरंसुद्धा फ्लॅट मागतात, आणि मुलीच्या बापाकडून त्याचं डाऊन पेमेंट घेतात.

घर मिळालं तरी सुटका होत नाही. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर. दिवा त्याहून जवळ, पण दिव्यात सकाळी उभं राहून बघा. कर्जत-कसाऱ्याकडून येणारी गाडी आधीच भरलेली असते. आत शिरायला जागा नाही आणि पुढची गाडी सोडली तर लेटमार्क लागतो. २ जानेवारी २०१५ ला दिव्याच्या प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. मी दगडाचं समर्थन करणार नाही. पण जलद गाडी आपल्या स्टेशनवर थांबावी एवढ्या मागणीसाठी लोकांना किती वर्षं तिष्ठावं लागलं, तेही विसरता येत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांवर घासून खाली पडली आणि त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. मुंबईच्या लोकलमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, माणसांना जनावरांसारखं नेलं जातं, याची लाज वाटते, असं सुनावलं. किल्लारीच्या भूकंपात गेलेल्यांइतकी माणसं तिथे चार वर्षांत जातात. भूकंपाची आठवण आपण दर तीस सप्टेंबरला काढतो. या मेलेल्यांची काढत नाही, कारण ते सुटेसुटे मेले.

बायकांचं तर वेगळं सांगायला हवं. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, सगळ्यांचे डबे करणारी, मग लोकलमध्ये उभ्याने दीड तास जाणारी आणि परतताना लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडणारी बाई. वर्तमानपत्रं तिचे फोटो छापतात आणि त्याला मुंबईचं स्पिरिट म्हणतात. हे तिचं चोरलेलं आयुष्य आहे. ते तीन-चार तास तिच्या झोपेतून, तिच्या लेकराच्या अभ्यासातून, तिच्या पाठीच्या मणक्यातून काढलेले आहेत. तिच्या नवऱ्यानेही त्यांतले काही काढलेले आहेत, कारण घरी आल्यावर तो टीव्हीसमोर बसतो आणि ती ओट्यासमोर उभी राहते. गावाकडून आलेली सासू म्हणते, "आमी वावरात राबून पण सगळं करत होतो." करत होता, आई. तेही चुकीचंच होतं.

सरकारला घरं बांधता येत नाहीत असं कुणी मला लातूर जिल्ह्यात सांगू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर याच जिल्ह्यात आणि शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पन्नासहून अधिक गावं नव्या जागी, रस्ते-शाळांसह, काही वर्षांत उभी राहिली. जागतिक बँकेचा पैसा आला, देशभरातून संस्था आल्या. मनावर घेतलं तर होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पण त्याच पुनर्वसनात आपण काय केलं तेही आठवा. घराचा आकार माणसं किती यावर ठरला नाही, जमीन किती यावर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला चारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. एकाच रात्री, एकाच ढिगाऱ्याखाली सगळ्यांची माणसं गेली होती. सकाळ झाली आणि आपण पुन्हा सातबारा काढला. मदतीच्या पैशातही आपल्याला समान भिंती उभ्या करता आल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट चाकूरकरांनाच सांगायची आहे. लातूर रोड जंक्शन आपल्या तालुक्यात आहे. तिथून लातूर रेल्वेने तीस-पस्तीस किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ ला या देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते अंतरही सुमारे एवढंच. त्या अंतरावर आज मिनिटामिनिटाला लोकल धावते. आपल्याकडे सकाळी कामाला नेणाऱ्या आणि संध्याकाळी वेळेत घरी आणणाऱ्या गाड्या पुरेशा असत्या, तर चाकूरचं पोरगं आई-बापाजवळ, स्वतःच्या अंगणात राहून लातूरच्या एमआयडीसीत, दवाखान्यात, कॉलेजात जाऊ शकलं असतं. हरंगुळला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना आला, २०१८ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. डबे बनवणाऱ्या जिल्ह्याला स्वतःच्या दोन तालुक्यांमध्ये चार जास्त गाड्या का मागता येऊ नयेत? २०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर एकजुटीने रस्त्यावर उतरले होते. मुंबईला जाण्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो. गावात राहता यावं म्हणून तसं उतरलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. सोडून जाण्याची गाडी आपल्याला हक्काची वाटते, परत येण्याची वाटत नाही.

माझी मागणी मोठी नाही. चाकूर तालुक्यातून गेलेली, वीस-वीस वर्षं कल्याण, कळंबोली, दिवा, डोंबिवलीत स्थिरावलेली शेकडो कुटुंबं आहेत. त्यांतल्या कितींनी तरी दुसरी खोली घेऊन भाड्याने दिली आहे. ते गणपतीला गावी येतात, मंदिराच्या जीर्णोद्धाराला पावती फाडतात, कमानीवर नाव कोरून घेतात. गाडगेबाबांनीही देवळांच्या गावी पैसा खर्च केला, पण त्याच्या धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बांधून त्यांनी १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली. आमच्या या मंडळींनी पुढच्या वेळी कमानीवर नाव नाही घातलं तरी चालेल. एजंटाला फोन करून एवढंच सांगावं की माझ्या खोलीसाठी येणाऱ्याला जयंती विचारायची नाही, एकटी बाई आली तर परत पाठवायचं नाही, आणि इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र त्याने मागायच्या आधी त्याच्या हातात द्यायचं. लातूरच्या गल्ल्यांतल्या मालकांनी यंदाच्या जूनपासून हेच करावं. 'कोणाचे तुम्ही' हा प्रश्न सोडून पोराला पाण्याची वेळ, लाइटबिल आणि डिपॉझिट सांगावं, आणि खोलीची किल्ली द्यावी.